हळदीच्या कोठारातली फटफटी

लढाई संपल्यावर मी उंब्रजला परत आलो तेव्हा माझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं इटलीतच राहिली होती. पलटणीच्या वर्कशॉपात मी चार वर्षं मोटारसायकली दुरुस्त केल्या होत्या. घरी ऊस होता, बैल होते आणि वडिलांचा एकच धोशा होता, “आता औताला लाग.”

हळदीचं बियाणं आणायला त्यांनी मला सांगलीकडच्या एका जैन शेतकऱ्याच्या घरी पाठवलं. ते शेतकरी लढाईच्या आधीच वारले होते. शेतीभाती आता त्यांची बायको बघायची. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. आक्कांनी कोठाराचं दार उघडलं आणि पोत्यांच्या मागं मला एक चाक दिसलं. पोती बाजूला केली. वीसेक वर्षांपूर्वीची फटफटी होती, नखशिखांत पिवळी. हळदीची पूड पुसली तर खाली काळी टाकी निघाली आणि तिच्यावर बारीक सोनेरी रेघ.

“त्यांची हाय,” आक्का म्हणाल्या. “ते गेल्यापास्नं कुणी हात लावला न्हाई.”

“आक्का, मी चालू करू?”

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. “कर. पर जशी हुती तशीच करायची. तशी करून दाखवलीस तर तुझी.”

बियाण्याच्या पोत्यांबरोबर ती बैलगाडीतून घरी आली. वडिलांनी पोती उतरवली, पण तिला हात लावला नाही.

मी गोठ्याशेजारच्या पडवीत काम मांडलं. इंजिन गंजून जाम झालं होतं. रॉकेल आणि एरंडेल मिसळून आत ओतलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ किक दाबत राहिलो. नवव्या दिवशी पिस्टन बोटभर हलला. पुण्याला लष्कराचं मोडीत काढलेलं सामान विकायला आलं होतं, तिथून पलटणीतल्या गाडीचा, माझ्या ओळखीचा कार्बुरेटर आणला. तो बसवला आणि त्याच दुपारी इंजिन बोललं. शेजारचा म्हातारा लोहार हातोडा टाकून धावत आला.

“झालं की रं! आता काय ऱ्हायलं?”

“हा कार्बुरेटर हिचा न्हाई.”

“अरं, गाडी चालली का न्हाई? मग कुनाचा का आसंना!”

त्याचं खोटं नव्हतं. पलटणीत मीही असंच काम करायचो. जे हाताला लागेल ते बसवायचं आणि गाडी पुढं काढायची. पण इथं मी शब्द दिला होता. आक्कांना त्यातलं कळलं नसतं, हे मला ठाऊक होतं, आणि तेच मला डाचत होतं. मी तो कार्बुरेटर उतरवला. तिच्या मूळ कार्बुरेटरमधला, पेट्रोलवर तरंगणारा पितळी डबा फुटला होता. कऱ्हाडच्या तांबटाकडून तो डागून घेतला. पहिल्यांदा गळला, दुसऱ्यांदाही गळला. तिसऱ्यांदा पाण्यात धरला, तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. टाकीला रंग लावायचाही मोह झाला होता, पण ती सोनेरी रेघ मला परत काढता आली नसती. नुसती खोबरेल लावून पुसली.

अडलं ते क्लचपाशी. क्लच डाव्या मुठीत. दोन बोटांनी तो अर्ध्यापर्यंतच यायचा. ट्रकच्या ट्यूबचा तुकडा घेऊन मी महिनाभर रोज हात दाबत होतो. मनगट सुजलं, पण हात बराच सुधारला, असं मला वाटलं. बाजाराच्या दिवशी गाडी रस्त्यावर काढली, तर एक म्हैस आडवी आली. मी क्लच ओढला, बोटं सटकली आणि गाडीसकट मी कडब्याच्या गंजीत घुसलो. कुणाला लागलं नाही, म्हैससुद्धा नुसती बघत उभी राहिली. पण पुढच्या वेळी म्हशीच्या जागी माणूस असता तर?

लोहारानं मला गंजीतून ओढून काढलं. “पायानं दाबायचा करू या का रं?”

या वेळी मी हो म्हटलं. पण सांगून ठेवलं, सांगाड्याला एकही भोक पाडायचं नाही. त्यानं दोन पट्ट्या ठोकून सांगाड्याला आवळणारा चिमटा केला आणि त्याला पायटा जोडला. सोडवला तर खूणही राहिली नसती. मुठीतला क्लचचा दांडा मी होता तिथंच ठेवला.

मग रेशनच्या पेट्रोलची कुपनं साठवून एका सकाळी निघालो. कऱ्हाड, पेठ, इस्लामपूर. वाटेत दोनदा प्लग साफ केला. आक्कांच्या दारात उतरलो आणि पाणी घेण्याआधीच सांगून टाकलं, “आक्का, एक गोष्ट बदललीया. क्लच पायावर घेतलाय. माझ्या हातानं जमंना. तुमाला पटत नसंल तर गाडी हितंच ठेवून जातो.”

आक्का खाली बसल्या. पायटा हातानं दाबून पाहिला. मग बैठकीवर हात ठेवला.

“ही बैठक बघितलीस? चार बोटं उंच हुती. त्यांचं पाय भुईला पोचंनात म्हनून कापून घेतली. हँडलबी वाकवून घेतलं.” त्या हसल्या. “मला तरी कुठं ठावं, मुळात कशी हुती!”

मी दोन महिने त्या वाकड्या हँडलची मापं जपत बसलो होतो. मलाही हसू फुटलं.

“गावाला एक फेरी मार,” आक्का म्हणाल्या. “मी हितं ऐकती.”

मी जैनांच्या देवळापर्यंत, बस्तीपर्यंत गेलो, वळून परत आलो. आक्का जोत्यावर डोळे मिटून बसल्या होत्या. इंजिन बंद केलं तरी त्यांनी डोळे लगेच उघडले नाहीत. मी गाडीशेजारी उभा राहिलो. थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसून त्या उठल्या. “जेवून जा,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या वर्षी आसपासच्या विहिरींवर तेलाची इंजिनं बसायला लागली होती. ती बिघडली की लोक मला बोलवायचे आणि मी माझ्या फटफटीवरून पाटणपर्यंत जायचो. औताला मी शेवटपर्यंत लागलो नाही. दिवाळीच्या सुमारास वडिलांनीच माझ्या कामाच्या पडवीला पत्रे घालून दिले.