बाजारात वळख न देणारी आक्काताई

निपाणीत आक्काताईला वळखणाऱ्या बाया काय कमी न्हाईत. दोन-तीनशे तरी असतील. पण रस्त्यात तिला हाक मारंल अशी एक न्हाय.

बाजारादिवशी ती पिशवी घिऊन निघाली की समोरनं येणारी बाई एकदम भाजीवाल्याकडं वळती, न्हाय तर चपलाचा पट्टा नीट करायला खाली वाकती. बघणाऱ्याला वाटंल, ह्यांचं काय तरी वाकडं हाय. वाकडं काय न्हाय. आदल्या दिवशी त्याच बाईनं आक्काताईच्या खोलीत बसून चा पिलेला असतोय, तिच्या मांडीवर डोकं ठिऊन रडलेलं असतंय. पण ते खोलीत. हा नेम आक्काताईनंच घातलेला. "रस्त्यात मी तुला बघायची न्हाय, तू मला बघायची न्हाय. न्हाय तर लोक इचारत्यात, हिची नि तुझी वळख कुठली?"

काम तसलं तिचं. ज्या बाया हायवेवर उभ्या राहत्यात, ज्या देवाला सोडलेल्या हाईत, त्यांच्यात ती हिंडती. रगात तपासून घ्या म्हणती. ज्यास्नी एचआयव्हीची बाधा झाली त्यास्नी सरकारी दवाखान्यात न्हेती, गोळ्या चालू करून देती आणि मग गोळी एक दिस चुकू देत न्हाय. बायांचा संघ हाय, बायांनीच काढलेला. सोता तिला बारा-तेरा वर्सं झाली त्याच गोळ्या खाऊन. राहिलेल्या टायमाला सूप मांडीवर घिऊन बिड्या वळती.

ती सात वर्साची असताना डोक्यात जट आलती. आई-बा म्हणले, देवीचं बोलावणं हाय. सौंदत्तीला न्हिऊन यल्लम्माला सोडली, गळ्यात मोती बांधलं, हातात परडी दिली. मंगळवार-शुक्रवार दारोदार जोगवा मागायचा. जाणती झाल्यावर पुढं काय वाढून ठेवलेलं असतंय ते सगळ्यास्नी ठाऊक हाय, ते उगाळत बसत न्हाय. संघात आली तवा तिनं जट कापली, परडी फडक्यात बांधून माळ्यावर टाकली आणि म्हणली, आता ह्या जन्मात कुणाच्या दारात मागायला उभी राहायची न्हाय.

माणूस तिला लई लागतंय बघा. पण संक्रांतीला तिच्या हातावर तिळगूळ कोण ठेवत न्हाय. कुणाच्यात लगीन ठरलं की बाई आदी यिऊन सांगती, "आक्का, पोरीचं लगीन हाय. तुमी यिऊ नका हं."

"न्हाय येत बाय. जेवायला काय केलंतंसा एवढं मागनं यिऊन सांग."

आणि ती बाई मागनं खरंच यिऊन सांगती. वांगं, मसालेभात, शेवयाची खीर. आक्काताई बिडी वळत ऐकती आणि म्हणती, खीर पातळ झालती का गं?

तर ह्या बायांत एक मालुबाई. हायवेवरच्या धाब्याजवळ उभी राहायची. तपासणीचा कागद हातात आला तवा ती आक्काताईच्याच खांद्यावर पडून रडलेली. पुढं गोळ्या घ्यायच्या रांगंत तिला शामू भेटला. लॉरीचा डायवर. त्यालाबी तीच बाधा, तीच गोळी. दोघांनी देवळात लगीन केलं. शामूनं गावात सांगितलं, पोरगी अनाथ हाय. निपाणीपासनं कोसभरावर त्याचं गाव, घरात म्हातारी आई, गुणाबाई. तिला कशाचाच पत्ता न्हाय.

मालूला दिवस गेलं. डॉक्टरनी सांगितलं, गोळी एकबी चुकवायची न्हाय, बाळाला लई करून काय होत न्हाय. मालू महिन्याला "निपाणीच्या देवाला जाऊन येतो" म्हणून यायची आणि गोळ्या घिऊन जायची.

सातवा लागला तवा गुणाबाई सुनंला हिरव्या बांगड्या भरायला निपाणीला घिऊन आली. कासाराच्या दुकानाम्होरं मालू उभी, कोपरापतूर हिरवा चुडा, नाकात नथ, पोट असं म्होरं. तिथनंच आक्काताई चाललेली. नेम तिचाच, तिनंच मोडला. तोंडातनं निघून गेलं, "पोरी, किती छान दिसतीस गं."

मालूचं तोंड पांढरं पडलं. गुणाबाई कासारासंगं भावावरनं भांडत हुती, पाठमोरी. ती वळंपतूर आक्काताई गर्दीत शिरली. पण कासार काय गप बसतोय?

"कोण रं ती?" गुणाबाईनं इचारलं.

"ती व्हय? गोळ्यावाली. त्या रोगाच्या बायांच्यात असती."

एवढंच. पण मालू दवाखान्याच्या तारखेला आलीच न्हाय. एक दिस गेला, दोन गेलं, चार गेलं. फोन बंद. तिच्या घरातल्या गोळ्या त्या तारखेलाच संपत हुत्या, हे आक्काताईला पक्कं ठाऊक. बिड्या वळायला बसली की तंबाखू पानाबाहीर सांडायला लागला. कारखान्यात चेकरनं निम्म्या बिड्या खराब म्हणून छाटात टाकल्या, तरी तिला कळलं न्हाय.

तिनं शामूला फोन लावला. तो लॉरी घिऊन राजस्थानात.

"आक्का, मला यायला अजून बारा दिस लागत्यात. आई तिला उंबऱ्याबाहीर सोडंना झालीया. आईला कळलं तर घर मोडलं म्हणा. तुमीच काय तरी करा."

काय करायचं? गावातली आशा वर्कर बाई गुणाबाईच्या भावकीतली, तिच्या कानावर घातलं की गावभर. संघातली कल्याणी, ती शिकलेली बेळगावची पोरगी, ती म्हणली, "मी जाऊ का? गरोदर बायकांचा सर्वे म्हणून?"

"तू गेलीस की धा बाया दारात जमतील, काय लिवती बघायला."

मग आक्काताईनं स्टूल घेतलं आणि माळ्यावरनं फडक्यातली परडी खाली काढली. कल्याणी बघतच राहिली.

"आक्का, आपण बायांना सांगतो परडी सोडा म्हणून. आणि तुम्हीच?"

"गरवार बाईच्या दारात जोगतीण आली तर तिला कोण माघारी लावत न्हाय. तिच्या तोंडाकडंबी कोण बघत न्हाय, परडीकडं बघत्यात. दुसरी वाट असली तर सांग, मी परडी परत वर टाकतो."

कल्याणीनं स्टूल उचलून बाजूला ठेवलं. दवाखान्यातल्या सिस्टरनी मालूच्या नावावर वहीत लिवून गोळ्याची बाटली दिली. आक्काताईनं बाटलीत कापूस कोंबला, म्हणजे खुळखुळायची न्हाय, आणि भंडाऱ्यात बुडवून पिवळ्या फडक्यात बांधली. मंगळवारी सकाळी हिरवं लुगडं नेसली, गळ्यात कवड्याची माळ, कपाळभर भंडारा. आरशात बघितलं तर सात वर्साची पोर उभी. तरी निघाली.

गावात गेल्या गेल्या गुणाबाईच्या दारात न्हाय थांबली. संशय नको म्हणून आदी चार घरं मागितली. लोकांनी परडीत जुंधळं टाकलं, पाया पडलं. जिच्या हाताला कोण शिवत न्हाय तिच्या पाया पडलं.

मग पाचव्या दारात हाळी दिली, "उदो गं आई उदो. यल्लम्माचा जोगवा."

गुणाबाई सुपात जुंधळं घिऊन आली. परडी भरली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. "बरी आलीस बाई. सून गरवार हाय. बांगड्या भरायला न्हेली तर बाजारात त्या रोगाच्या बाईनं हाक मारली बघ, किती छान दिसतीस म्हणून. तवापासनं पोर जेवंना, बोलंना. त्या रांडंची नजर लागली. तेवढी नजर काढ."

आक्काताई म्हणली, "काढतो की. मीठ-मिरच्या आण."

मालू बाहीर आली. परडी बघितली, मग तोंड बघितलं, आणि दाराची चौकट धरली. आक्काताईनं तिला पाटावर बसवलं. मुठीत मीठ-मिरच्या घिऊन तिच्यावरनं उतरायला लागली, आणि म्हणायला लागली, आल्याची, गेल्याची, भुताची, खेताची.

"त्या बाईचीबी म्हण," गुणाबाई मागनं म्हणली.

"बाजारातल्या त्या रोगाच्या बाईची," आक्काताई म्हणली. "तिची नजर जळून जाऊ दे. तिची हाक परत ह्या पोरीच्या कानावर न पडू दे."

मालूच्या डोळ्यातनं धारा लागल्या.

"बघ, निघाली नजर," गुणाबाई म्हणली आणि मिरच्या चुलीत टाकायला आत गेली.

तेवढ्यात आक्काताईनं मालूच्या वटीत मूठभर जुंधळं टाकलं आणि त्यात पिवळी पुडी ठेवली. हळूच म्हणली, "आजपासनं." मालूनं तिचं मनगट धरलं. आक्काताईनं सोडवून घेतलं, कारण आतनं पावलं वाजली.

गुणाबाईला तिनं बजावलं, "ही पुडी देवीची. देव्हाऱ्यात ठेवायची. रोज रातच्याला दिवा लावल्यावर गरवार बाईनं एकटीनंच तिला हात लावायचा. दुसऱ्यानं सोडली तर मी जबाबदार न्हाय."

"कोण सोडतंय गं," गुणाबाई घाबरून म्हणली, आणि वरनं एक नारळ दिला.

गावाबाहीर आल्यावर आक्काताई ओढ्याच्या कडंला बसली. यल्लम्माच्या नावानं खोटं बोललो, ह्याचं तिला लई लागलं. कपाळ धुतलं, भंडारा पाण्यातनं वाहत गेला. नारळ तिथंच ठिऊन आली.

बाराव्या दिवशी शामू आला आणि पुढचं सगळं त्यानं सांभाळलं. पोरगी झाली. बारशाला आदी सांगून गेला, आक्का यिऊ नका. ती म्हणली, न्हाय येत बाबा, नाव काय ठेवलासा तेवढं कळीव. नाव आरोही ठेवलं. दीड वर्सानं शेवटची तपासणी झाली. शामूनं फोनवर सांगितलं, पोरीला काय न्हाय, आक्का. आक्काताई मांडीवरचं सूप बाजूला ठिऊन उगंच भिंतीला टेकून बसली. सांगायला जवळ कोण न्हवतं.

परवाच्या बाजारादिवशी कांद्याच्या ढिगाजवळ तिला मालू दिसली. संगं गुणाबाई, मालूच्या डाव्या खांद्यावर पोरगी झोपलेली. आक्काताईनं आदीच तोंड फिरवलं आणि कांदं निवडायला लागली. मालूनंबी बघितलं न्हाय. पण जवळनं जाताना तिनं पोरीला डाव्या खांद्यावरनं उजव्या खांद्यावर घेतलं, आक्काताईच्या बाजूला. पोरीचं तोंड इकडं झालं. गालावर काजळाची तीट हुती. झोपेतच ओठ हलत हुतं.

दोन पावलं तेवढी. मग त्या गर्दीत गेल्या.

"बाई, कांदं घेणार का नुसतं हाताळणार?" कांदंवाला म्हणला.

"घेतो की रं," आक्काताई म्हणली. "अर्धा किलो दे. एकटीला लई हुत्यात."