उजव्या बैलाची ज्वारी

बांधाजवळच्या खाटेएवढ्या तुकड्यात ज्वारी माझ्या डोक्यावर गेली होती. बाकीचं रान खांद्यापर्यंत, आणि हा तुकडा काळपट हिरवा, रुंद पानांचा. मी आमच्याच भागातल्या गोरेगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि रविवारी जीपने गावी येते. असं काही दिसलं की मला गप्प बसवत नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

तिथंच आदल्या वर्षी, पोळ्याच्या आठ दिवस आधी, बाबांनी आमचा उजवा बैल पुरला होता. लंपीची साथ होती. जोडीतल्या दोघांच्याही अंगावर गाठी आल्या. डावा वाचला, उजवा गेला.

बाबा बांधावर बसले होते. मी उभ्या उभ्या धडा सुरू केला. मेलेलं अंग मातीत कुजतं, डोळ्यांना न दिसणारे जीव त्याचं खत करतात, मुळं ते वर ओढतात. कणीस आपण खातो, कडबा जनावर खातं, शेण परत मातीत जातं. वाया काहीच जात नाही, बाबा.

"म्हंजे ह्या ज्वारीच्या धांड्यात त्यो हाये?"

"हाये की," मी म्हणाले, वर्गात बरोबर उत्तर मिळाल्यावर म्हणते त्याच सुरात. बाबांचा चेहरा उतरला, तो मला दिसला, पण कळला नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढे सुगीत बाबांनी बाकी सगळी ज्वारी काढली आणि तेवढा तुकडा उभा ठेवला. कणसं पाखरांनी खाल्ली. धांडे वाळून आडवे झाले, पण त्यातली एकही पेंढी बाबांनी डाव्यापुढे टाकली नाही. आईने दोनदा बोलून पाहिलं, मग नाद सोडला. मला वाटलं, बाबा उगाच स्वतःला दोष देतायत, त्यांची समजूत घालावी. माझ्यापाशी समजूत घालायला तरी काय होतं? पुढचा धडा.

एका रविवारी गोठ्यात बाबा डाव्याची पाठ खाजवत होते. मी म्हणाले, "बाबा, रोग सगळ्यांलाच येतो. ज्याच्या अंगात त्याच्याशी झगडायची ताकद जास्त, त्यो तगतो. निसर्ग अशीच निवड करतो. तुमचा काय दोष?"

त्यांचा हात थांबला.

"न्हाई, बाई. ताकद उजव्यात व्हती."

मग ते डाव्याकडेच बघत बोलले. "दोघांलाबी ताप व्हता. डाक्टर म्हणले, बसू द्या त्यांना, कामाला लावू नका. पण कापसात तण माजून राह्यलं व्हतं. डाव्याला उठवलं, तर त्यो काही उठला न्हाई. उजव्याला नुसती हाक मारली, अन् त्यो उभा राह्यला. तण काढाया एकट्यालाच डवऱ्याला जुंपलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी जो बसला, त्यो बसलाच."

उपरण्याने त्यांनी नाक पुसलं.

"हाक ऐकली म्हणून मेला त्यो. तू शिकलेली हायेस. आता तूच सांग, निवड कोनं केली?"

उत्तर मला येत होतं. बाबांनाही येत होतं. मी खोरं उचललं आणि डाव्याच्या पायाखालचं शेण ओढायला लागले.