तीन देश आणि सतरा घरं

अबू सत्तामांच्या ट्रकमधला टोमॅटो कुवेतला टोमॅटो म्हणून क्वचितच पोहोचला. जॉर्डनमधल्या अझरकहून निघालेला माल तिसऱ्या दिवशी उतरायला हवा, तो उतरायचा सहाव्या दिवशी, चटणी होऊन. मालकाने तोंड सोडलं की हे शांतपणे सांगायचे, "वाटेत खलफचं घर होतं." जणू खलफने ते रस्त्यात आडवं बांधलं होतं. तीस वर्षं ट्रक चालवला, चार मालकांनी हाकललं, पण नातेवाइकाच्या दारावरून कॉफी न घेता माणूस एकदाही पुढे गेला नाही. मी त्यांची बायको. सत्ताम धरून चार मुलं मी एकटीने वाढवली असं म्हटलं तर त्यात खोटं काही नाही, कारण हे गृहस्थ कायम कुणाच्या तरी बैठकीत लोडाला टेकलेले. तरीही सांगते, माणूस लाखात एक. भांडायला गेलं की समोर खजूर ठेवतात, मग काय डोंबल भांडणार?

सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि ट्रक सुटला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ घराबाहेरच्या बाकावर बसून सौदीच्या सरहद्दीकडे जाणारे ट्रक बघायचे. "हा पोहोचेल वेळेवर. याला नातेवाईक दिसत नाहीत," असं कीव केल्यासारखं म्हणायचे.

त्या रस्त्याच्या पार टोकाला, कुवेतच्या जहरा गावात, त्यांची बहीण राहते. फिद्दा. वयाने अकरा वर्षांनी मोठी. सासू गेली तेव्हा आमचे हे दोन वर्षांचे होते, फिद्दाने त्यांना कडेवर घेऊन शेळ्या राखल्या. लग्न होऊन ती दोन सरहद्दींपलीकडे गेली, तेव्हा हे महिनाभर धड जेवले नव्हते. ट्रकचा धंदा यांनी कशासाठी धरला, हे मला लग्नानंतर वर्षभराने कळलं. कुठेही जाणारा माल असो, हे कुवेतचाच मागायचे.

गेल्या हिवाळ्यात फिद्दाच्या मुलाचा, मिशारीचा, फोन आला. "मामा, आईचं डोकं आता फक्त सकाळी थोडा वेळ ठिकाणावर असतं. तेव्हा रोज एकच विचारते, माझ्या भावाचा, जदआनचा ट्रक आला का? डॉक्टर म्हणतात, भेटायचं ते लवकर भेटून घ्या. पुढे ती कुणाला ओळखेल याचा भरवसा नाही."

हे माझ्यासमोर रडले. मी पस्तीसेक वर्षांत दुसऱ्यांदा पाहिलं. मग डोळे पुसले, नातीची शाळेची वही ओढली, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाले, "उम्म सत्ताम, जायचं. पण नीट ठरवून जायचं."

वाट साधी. आपलं जॉर्डन, मग सौदीतून तुरैफ, अरार, रफहा, हफर, आणि पलीकडे कुवेत. सलग गाडी हाकली तर दीड-दोन दिवस. यांनी वहीत मांडले एक्कावन्न.

"तुरैफला खलफ, तीन दिवस," हे लिहीत म्हणाले.

"तीन कशाला? एक रात्र पुरे."

"आपल्यात पाहुणा तीन दिवसांचा असतो. आधी उठलो तर म्हणेल, जदआन, माझ्या जेवणात काय खोट होती? आधीच नाकावर राग असतो त्याच्या." मग पुढची ओळ. "अरारला दहाम, तीन. त्याचा धाकटा भाऊ समोरच राहतो, त्याचे वेगळे तीन."

"समोरासमोर राहतात ना? मग एकाकडे झोपा, दुसऱ्याकडे जेवा."

"ते एकमेकांशी बोलत नाहीत, अगं. एकाकडे जेवून दुसऱ्याकडे गेलो तर मला कुणाच्या बाजूचं धरतील?"

अशी सतरा घरं निघाली. त्यातली दोन तर वाटेवरही नव्हती, आत वाळूत दोन-दोन तासांवर. मी म्हटलं, "ही कशाला?" तर म्हणे, "यांना कळलं की आपण रस्त्यावरून गेलो, तर?" कळणार कसं, हे विचारायची सोय नव्हती. आमच्या लोकांना सगळं कळतं.

मग भेटवस्तूंचा घोळ. प्रत्येक घराला जमीद द्यायचा, म्हणजे आमचे दह्याचे वाळवलेले गोळे. त्याशिवाय मटणाला चव येत नाही आणि आमच्या हातचा तर तिकडे सगळे मागून नेतात. पण सगळ्यांना सारखा हवा. मी फेब्रुवारीभर दही गाळत, गोळे वळत आणि गच्चीवर वाळवत बसले. खोटं कशाला बोलू, मलाही मजा येत होती. कुणाला कुठला मोठा गोळा, याची मनातल्या मनात सूड उगवत वाटणी चालली होती. जहराला एक म्हातारी रोज सकाळी ट्रकची वाट बघतेय, हे मला माहीत होतं, आणि तरी मी गोळे वळत बसले. त्याचं अजून वाईट वाटतं.

परवान्याच्या कामाला झरका शहरात गेलो. मिशारीने कुवेतचा धाडला होता, सौदीतून नुसतं ओलांडून जायचा काढायचा होता. दुकानातल्या तरुणाने सांगितलं, तो मोजक्या दिवसांचा असतो. यांनी त्याच्यापुढे वही उघडून ठेवली. त्याने सतरा घरं वाचली आणि विचारलं, "काका, तुम्ही जाताय की राहायला जाताय?"

"तुला नातेवाईक नाहीत का रे?" यांनी उलट विचारलं. त्याच्याविषयी खरंच वाईट वाटलं असावं, कारण घरी येईपर्यंत तेच बोलत होते.

मग मोठा परवाना कसा मिळेल याची खटपट सुरू झाली. त्यात तीन आठवडे गेले. परतीची वेगळी यादी झाली, कारण जाताना ज्यांच्याकडे कमी बसलो त्यांच्याकडे येताना जास्त बसायला हवं. वहीचं दहावं पान लागलं.

आणि मिशारीचा दुसरा फोन आला. या वेळी तो मामाशी बोललाच नाही, मला म्हणाला, "मामी, काल आईने मला विचारलं, बाळा, तू कुणाचा?"

मी फोन ठेवला. हे चटईवर वही घेऊन बसले होते, हफरच्या आधी कुणी राहिलं का ते बघत. मी वही हातातून काढून घेतली. "ती स्वतःच्या पोराला ओळखत नाही आता," मी म्हटलं. "तुम्ही सतरा घरांचा मान राखा. अठराव्या घरी तुम्हाला कोण विचारणार आहे ते बघा मग." फार लागेल असं बोलले, कळत होतं, पण बोलले.

त्यांनी हातातली पेन्सिल चटईवर ठेवली. मग म्हणाले, "खलफच्या दारावरून मी कसा जाऊ, उम्म सत्ताम? मला येत नाही तसं."

त्यांना खरंच येत नव्हतं. कुणाला पोहता येत नाही, तसं. म्हणून मी आत जाऊन खलफला फोन लावला आणि जे आहे ते सांगितलं. मला वाटलं, आता भडकतोय.

"त्याला सांग," खलफ म्हणाला, "माझ्या दारात गाडी थांबवलीस तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही. बाकीच्यांना मी बघतो."

तिसऱ्या दिवशी त्या मोजक्या दिवसांच्या परवान्यावर आम्ही आमची जुनी पिकअप घेऊन निघालो. मागे जमीदची पोती. सत्तामला रजा मिळेना, म्हणून गाडी हेच चालवत होते, दुखऱ्या गुडघ्यांनी. तुरैफच्या अलीकडे पेट्रोलपंपावर खलफ उभा दिसला. रागीट खलफ, शहात्तर वर्षांचा, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात पेला. हे उतरायला लागले तसा ओरडला, "पाय खाली टाकू नकोस. खिडकीतून घे."

यांनी खिडकीतून कॉफी घेतली. एक पेला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यानंतर पेला हलवून पुरे म्हणायचा रिवाज आहे, तो यांनी खिडकीतूनच पाळला. खलफने मागच्या सीटवर भाताचं झाकलेलं ताट ठेवलं, गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली आणि पाठ फिरवली. रडताना दिसू नये म्हणून. पण पाठीवरूनही कळतं.

पुढे हेच. अरारला ते न बोलणारे दोघे भाऊ रस्त्याच्या दोन कडांना आपापला थर्मास घेऊन उभे. आधी कुणाकडे थांबायचं या विचाराने यांना घाम फुटला, तर ते दोघेच मधे आले आणि एका पेल्यात ओतून मोकळे झाले. रफहाला नुवैर मावशी, पंचाऐंशीची, नातवाच्या गाडीत बसून आलेली. तिने खिडकीतून यांचा कान धरला. "दोन महिने काय करत होतास रे गाढवा? फिद्दाने तुला दूध-भात भरवला, आणि तू याद्या करत बसलास?"

"चुकलं, मावशी."

"चुकलंच. आता जा. उभा काय राहतोस?" गाडी उभीच होती, आणि कान तिच्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जहराला पोहोचलो. मिशारी दारात होता. आत फिद्दा गादीवर बसली होती, कपाळावर काळी पट्टी, हाताला मेंदी, एवढीशी झालेली. हे गुडघे टेकून बसले आणि तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं.

"या, या," ती म्हणाली. "घर तुमचंच आहे."

तुम्ही. आयुष्यात कधी तिने यांना तुम्ही म्हटलं नव्हतं.

"आई, हा जदआन मामा," मिशारी म्हणाला.

ती समजूत घातल्यासारखं हसली. "जदआन माझा भाऊ. तो काळ्या केसांचा आहे, ट्रक घेऊन येतो. हे आपले पाहुणे आहेत. उभा काय राहतोस, कॉफी ओत."

त्यानंतर आम्ही तिला काही सांगितलं नाही. सांगून तिला घाबरवायचं कशाला? फिद्दाने डोक्यातून मुलांची नावं टाकली, नवरा गेल्याचं टाकलं, गावाचं नावही टाकलं, पण पाहुण्याला कसं वागवायचं ते टाकलं नव्हतं. अनोळखी माणसाला तीन दिवस नाव-गाव विचारायचं नाही, हे ती पाळत होती. रोज यांच्या ताटात मांसाचा चांगला तुकडा स्वतःच्या बोटांनी काढून ठेवायची, अहो-जाहो करायची, झोप लागली का विचारायची. हे मुकाट्याने खायचे. मी एकदा मोरीत जाऊन पोटभर रडून आले. दोन महिने आधी निघालो असतो तर, एवढंच मनात येत होतं.

चौथ्या सकाळी, दिवस कसे मोजले अल्लाह जाणे, न्याहारीला रोटी तुपात बुडवून यांच्यापुढे ठेवत ती म्हणाली, "तीन दिवस झाले. आता विचारायला हरकत नाही. कुठले तुम्ही? कोणत्या कामाने आलात?"

मिशारीने माझ्याकडे बघितलं. यांनी घास खाली ठेवला. "मी अझरकचा," ते म्हणाले. "बहिणीला भेटायला निघालोय."

"बहीण कुठे असते?"

"इथेच, जहराला."

फिद्दाचा चेहरा एकदम कडक झाला. "मग इथे काय करताय तीन दिवस? ती वाट बघत बसली असेल. बहिणीला असं बसवून ठेवतात का?"

"उशीर झाला खरा," हे म्हणाले. "आणि आता भीती वाटते. फार वर्षं झाली, तिने ओळखलंच नाही तर?"

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि ठेवलेला घास उचलून त्यांच्या तोंडाशी धरला.

"बहीण आहे ना?" ती म्हणाली. "नाही ओळखलं तरी जेवू घालेल."