युद्धातला जादा तास

मी पोटासाठी पत्रिका करते. ज्योतिषी नाही हो, देवाशप्पथ नाही. राहू-केतूशी माझा संबंध पगारापुरता. अंधेरीच्या एका गल्लीत आमचं छोटं ऑफिस आहे, खाली टायरचं दुकान आणि वर आम्ही मूठभर माणसं. विवाह मंडळांना लागतं ते पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. तारीख, वेळ, गाव टाका, कुंडली हजर. माझी स्वतःची पत्रिका कुणाशी जुळली नाही, स्वभाव तर त्याहून नाही. त्यामुळे पन्नाशीला टेकले तरी बोरीवलीत आईबाबांजवळच राहते आणि दिवसभर परक्यांची लग्नं जमवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गेल्या वर्षी घाटकोपरच्या एका वरमाईचा फोन आला. मुलगा न्यू जर्सीत जन्मलेला, त्याचं लग्न आमचं सॉफ्टवेअर एक दाखवत होतं आणि तिचे गुरुजी दुसरंच सांगत होते. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, त्यावर सगळी घरं मोजतात. बाईने मला यथेच्छ झाडलं आणि वाईट म्हणजे ती बरोबर होती. आमचा प्रोग्राम ज्याने पहिल्यांदा लिहिला त्या शहाण्याने त्यात साडेपाच तास कायमचे ठोकून ठेवले होते. ग्रिनिचच्या पुढे भारत साडेपाच तास, हे शाळेत शिकला, तेच ज्ञान त्याने अख्ख्या जगाला लावलं. जन्म लंडनचा असो की लातूरचा, घ्या साडेपाच. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात हे तर त्याच्या गावीही नव्हतं.

तो शहाणा केव्हाच दुसरी नोकरी धरून पसार झाला होता. निस्तरायला मी. कुठल्या देशाने कधी घड्याळं पुढे-मागे केली याची एक मोठी यादी कॉम्प्युटरमध्ये असते. ठोकलेले साडेपाच उपटायचे आणि ती यादी जोडायची, एवढंच काम. ते केलं आणि तपासायला बसले. परदेशातल्या पत्रिका बदलणार, भारतातल्या आहेत तशाच राहणार, असं मी धरून चालले होते. आपण कशाला घड्याळं हलवतोय? आपल्याकडे घड्याळाला एवढा मान कुठे आहे!

जुनी तारीख म्हणून मला तोंडपाठ असलेली एकच होती, बाबांची. आमच्या घरात ती दंतकथाच आहे. बाबा गिरणगावातल्या चाळीत जन्मले. शेजारच्या गिरणीचा सकाळी सातचा भोंगा वाजला आणि तो संपायच्या आत पोर रडलं, असं आजी येईल-जाईल त्याला सांगायची. आजोबा त्याच गिरणीत कामाला. त्यांनी मालवणकडे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी वेळ कळवली आणि गावच्या भटजींनी पत्रिका करून पाठवली. तीच तारीख आणि वेळ मी टाकली, आणि बाबांचं लग्न त्या पत्रिकेपेक्षा एक रास मागे गेलं.

मी आधी सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या, मग स्वतःला. मग यादी उघडून पाहिली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने देशभरची घड्याळं एक तास पुढे केली होती आणि काही वर्षं तशीच ठेवली होती. साडेपाच नाही, साडेसहा! बाबा नेमके त्यातलेच. सातचा भोंगा वाजला तेव्हा एरवीच्या हिशेबाने सहाच वाजले होते. मुंबईतल्या भोंग्याला युद्ध ठाऊक होतं, गावच्या भटजींना नव्हतं. त्यांनी सात ते सात धरले.

एरवी मी हे ऑफिसात चहाबरोबर सांगितलं असतं आणि विसरले असते. पण नेमक्या त्याच दिवसांत घरात या पत्रिकेवरून रणकंदन चाललं होतं. बाबांना चक्कर येऊ लागली होती, एकदा तर बाथरूमच्या दारात कोसळले. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की हृदयाचे ठोके फार मंद पडतात, पेसमेकर बसवा, नाहीतर एक दिवस थांबतील. आणि बाबा नाही म्हणत होते. भटजींनी पत्रिकेच्या शेवटी लिहून ठेवलेलं, आयुष्य वर्षे ब्याऐंशी. बाबांना ब्याऐंशीवं चालू होतं. टेलिफोन खात्यात जन्म काढलेला माणूस, सगळं वेळेवर करायची खोड. वर जायचं तेही वेळेवर. यमाच्या कामात लुडबुड नको, म्हणायचे. मी चिडले, रडले, जेवण सोडायची धमकी दिली. आई हात जोडून बसायची. काही उपयोग नाही.

तेव्हा मी काय केलं असेल? जिने आयुष्यभर पत्रिकेला नाक मुरडलं, ती मी नवी पत्रिका घेऊन आमच्या सॉफ्टवेअरच्या सल्लागार गुरुजींकडे गेले. गरजवंताला अक्कल नसते. गुरुजी हसले. युद्धातल्या पत्रिका एक तास मागे घ्यायच्या असं त्यांचे वडीलही सांगायचे म्हणे. मग बोटं मोजून म्हणाले, या लग्नाला नव्वदीपर्यंत धोका दिसत नाही. मी त्यांच्या पायाच पडले. माझ्याच पाया पडण्याला मी मनात हसत होते, पण पडले.

रविवारी दुपारी लॅपटॉप बाबांसमोर ठेवला. माझ्या नोकरीत इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा रस घेतला. भोंगा, युद्ध, साडेसहा, सगळं तीनतीनदा विचारून घेतलं. नव्वद म्हटल्यावर मिशीत हसले. मी मनातल्या मनात डॉक्टरांची तारीखही ठरवली. आणि मग बाबांनी चष्मा सारखा केला, जुनी आणि नवी कुंडली शेजारी शेजारी धरली आणि म्हणाले, "मंगळ खंय गेलो?"

तो चौथ्या घरातून पाचव्यात गेला होता. चौथ्यातला मंगळ म्हणजे माणूस मंगळाचा, पाचव्यातला म्हणजे नाही. मी ते पाहिलंच नव्हतं, मला नव्वद सोडून दुसरं काही दिसतच नव्हतं. आईबाबांचं लग्न त्या मंगळावर उभं होतं. आई कडक मंगळाची. तिला पाहायला येणारे पत्रिका बघून चहाही न पिता उठायचे. बाबांनाही एका घरातून त्याच पायी नकार आला होता. ती मुलगी त्यांना आवडली होती, हे आई अजून टोमण्यात वापरते. शेवटी मंगळाला मंगळ मिळाला आणि दोघांचं जमलं. मंगळ मंगळाला काटतो, हा आमच्याकडचा हिशेब.

मला वाटलं, आता आई म्हणणार, जा त्या तुमच्या पहिलीकडे. आम्ही हसू आणि विषय संपेल. पण आई ताटं उचलून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने बाबांच्या शेजारी बसणं सोडलं. त्यांच्या गोळ्या ती स्वतः हातात द्यायची, त्या टेबलावर ठेवू लागली. मंगळवारचा उपवास धरला, तोही निर्जळी. मी खडसावून विचारलं तेव्हा कुठे बोलली.

"यांना मंगळ नव्हताच. माझा एकटीचाच होता. इतकी वर्षं यांच्या छातीवर बसलाय तो."

मी तिला समजावलं, सगळं थोतांड आहे म्हणून ओरडले. तिने शांतपणे विचारलं की थोतांड आहे तर बाबांना का दाखवलंस. बाबांना वाचवायला मी ग्रहांना साक्षीला बोलावलं, आता ते आईविरुद्ध साक्ष देत होते. वाट लागली होती आणि ती मीच लावली होती, तीही अचूक गणिताने. बाबा दोघींचं ऐकत होते. ऑपरेशनचं नाव काढलं की मान फिरवत होते.

आठवड्याने संध्याकाळी आई देवासमोर बसलेली असताना त्यांनी मला बाहेरच्या खोलीतूनच हाक मारली, आईला नीट ऐकू जाईल अशी.

"गो, तुझो तो हिशेब चुकलो. त्या दिवशी भोंगो तासभर उशिरा वाजलेलो. गिरणीत कायतरी मोडलेला. आवशीन माका सांगितल्यान, मीच विसारलंय. भटजीची पत्रिका बरोबर आसा."

भोंगा तासभर उशिरा! हजारो माणसं फाटकाशी उभी राहिली असती आणि आजीने ते मला न सांगता सोडलं असतं? तीन पिढ्यांना पाठ असलेल्या गोष्टीत हे वाक्य कधीच नव्हतं. मी तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. आत आईची घंटी थांबली. ती बाहेर आली, बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, मला वाटलंच, हिचं मशीन कधी बरोबर असतं का. मग बाबा मला म्हणाले, डॉक्टराक फोन कर.

आता पुढचं सांगून टाकते. पेसमेकर बसला, बाबा घरी आले, आणि टीव्हीच्या रिमोटवरून दोघं पूर्वीसारखी भांडतात. पण ऑपरेशनच्या सकाळी आई औषधं आणायला खाली गेली होती आणि बाबा हिरव्या कपड्यांत स्ट्रेचरवर पडून होते. त्यांचा हात थंडगार होता. माणूस घाबरलेला होता, स्वच्छ दिसत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गिरणीचा भोंगा उशिरा वाजला असेल, तर मंगळ परत चौथ्यात, आणि ब्याऐंशीही परत जागच्या जागी. नव्वद त्यांनी आईसाठी सोडून दिली होती, आणि ब्याऐंशी मानूनही ऑपरेशनला निघाले होते. पत्रिकेवर त्यांचा विश्वास माझ्यासारखा सोयीचा नव्हता, खरा होता.

मी विचारलं, "बाबा, मग ब्याऐंशीचं काय?"

"तां मी बघतंय," ते म्हणाले. "तू तिका काय सांगू नको."