गुळवेलीत हळद

स्क्रीनवर कर्क्युमिन दिसत होतं. कर्क्युमिन म्हणजे हळदीतला पिवळा घटक. सॅम्पल मात्र गुळवेलीचं होतं. मी तीनदा फाइल बंद करून उघडली, ते काही हलेना.

परळच्या आमच्या लॅबमध्ये औषधी वनस्पतींचं मेटाबोलोमिक्स चालतं. नाव भारदस्त, पण कल्पना साधी आहे: वनस्पतीच्या स्वयंपाकघरात काय काय शिजतंय, त्याची एका झटक्यात यादी करायची. यादी करणारं मशीन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. ते रेणूंची वजनं करतं. चिमटीच्याही चिमटीएवढं काही असलं तरी ते पकडतं.

आमच्या बॉस बर्वे मॅडमनी निकाल उभ्या उभ्याच लावला.

"मेघा, ही सप्लायरची भेसळ आहे. लॉट रिजेक्ट कर. संध्याकाळपर्यंत मेल जाऊ दे."

सप्लायर म्हणजे घोडपदेवच्या सावंतकाकी. त्यांच्या गावच्या दहा-बारा बायका वेल तोडून वाळवतात आणि काकी गोण्या आमच्याकडे पोचवतात. भेसळीचा शिक्का बसला की काकी कायमच्या बाद, आणि त्या बायकांचं कामही बंद. मेल लिहायच्या आधी भीत भीत काकींना फोन लावला.

त्या चिडल्या नाहीत. गोण्या कोऱ्या होत्या, वेल स्वतःच्या खळ्यात वाळवली, असं शांतपणे सांगितलं. मग म्हणाल्या, "बाय, आमका विचारलंस, बरा केलंस. आता तुझ्या मशीनाक पण विचार."

हे मला झोंबलं. मशीनला विचारायची एक रीत असते, तिला ब्लँक म्हणतात. सॅम्पल न घालता बाकी सगळं तसंच करायचं. नुसत्या सॉल्व्हंटचा, म्हणजे अर्क काढायच्या द्रवाचा, ब्लँक आम्ही रोज घेतो, पण तो वेल दळायच्या ग्राइंडरमधून फिरवून घ्यायचा मी कंटाळा केला होता.

आता घेतला. ग्राइंडर रिकामा, तरी कर्क्युमिन हजर!

झाकण उलटं केलं. रबरी रिंगच्या खाली पिवळी रेघ होती. खंडेनवमीला आम्ही लॅबमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. या झाकणावर हळदकुंकवाची बोटं ओढणारी मीच. सॅम्पल दळलं ते त्यानंतर, झाकण न धुता.

मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ब्लँकचा निकाल स्वतः पाहिला. मग म्हणाल्या, "मेल थांबव. उरलेल्या कांड्या पुन्हा दळ."

रिंग बदलली. ग्राइंडर चारदा धुतला. ब्लँक स्वच्छ आला. मग गुळवेल घातली. तिचे स्वतःचे घटक सगळे जागच्या जागी आणि हळदीचा मागमूस नाही. मी खुर्चीत रेलून एकटीच हसत बसले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

काकींना फोन मॅडमनी स्वतः केला आणि माफीही मागितली. काकींनी नंतर मला फोनवर बोलावून घेतलं. "पूजा कर गो बाय," त्या म्हणाल्या, "पण दुसऱ्या दिवशी फडकं मारीत जा."

आमच्या एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी नियमांत, आता एक जादा ओळ आहे: खंडेनवमीनंतर ग्राइंडर धुऊन ब्लँक घेतल्याशिवाय कोणत्याही सप्लायरवर शेरा मारू नये. खाली सही माझी आहे.