भिंगारच्या मैदानावरचा रूळ

भिंगारच्या छावणीतल्या हॉकीच्या मैदानावर गवत नव्हते, मुरूम होता. सामना संपला की तो जागोजाग उखडलेला असे. तो दाबायला कडेला एक दगडी रूळ पडलेला असायचा, पुढे लोखंडी दांडा असलेला. हा रूळ कोणी ओढायचा याचा नियम कोणा जुन्या साहेबाने घालून दिला होता आणि साहेब विलायतेला गेला तरी तो मोडला नव्हता. हरलेल्या संघाने मैदान दाबून द्यायचे, मगच घरी जायचे. जिंकलेल्याने रुळाला हात लावायचा नाही.

१९४० पर्यंत तो रूळ बहुतेक वर्कशॉपच्या संघानेच ओढला. गिदोन साळवे त्या संघाचा सेंटर हाफ आणि कप्तान. दिवसभर लष्कराच्या नादुरुस्त मोटारींखाली झोपून काम करणारा फिटर, संध्याकाळी हाफपँट घालून मैदानावर. भिंगारच्या बाजारात पोरेसोरे या संघाला रूळवाले म्हणत. रविवारी चर्चच्या पायरीवर एखादा म्हातारा हात मिळवता मिळवता विचारी, "गिदोनराव, या खेपेला किती?" किती गोल केले असे नव्हे, किती खाल्ले असे त्याला विचारायचे असे, हे गिदोनला कळत असे.

ते गोल बहुधा एकाच माणसाच्या स्टिकवरून आलेले असत. हवालदार कानिफनाथ दारकुंडे, घोडेगावचा, पलटणीच्या संघाचा लेफ्ट इन, म्हणजे डावीकडचा फॉरवर्ड. अंगाने किरकोळ, तोंडाने अघळपघळ. सामना संपला की तो बिडी पेटवायचा आणि रूळ ओढणाऱ्यांच्या बाजूने चालायचा.

"दमानं वडा, मिस्त्री. घाई कशाला? पुढल्या साली बी तुमालाच वडायचाय."

पलटणीचे लोक हसत. वर्कशॉपचे लोक खाली मान घालून ओढत. एकदा गिदोन थांबला.

"एक दिवस तुम्ही ओढाल, हवालदार."

"वडीन की. हारलो तर वडीन. शबूद हाय आपला." बिडीचा झुरका घेत तो चार पावले पुढे गेला आणि वळला. "पन त्याच्यासाटी तुला आदी माझ्या खांद्याकडं बघाया शिकावं लागंल. तू येड्यावानी बॉलकडं बघत बसतो. बॉल लई लबाड असतो. डाव्या खांद्याला लबाडी जमत न्हाई."

हे त्याने का सांगितले, ते गिदोनला कधी उमजले नाही. पण त्या दिवसापासून तो माणसांचे डावे खांदे बघायला लागला. वर्कशॉपात हातोडा उचलणाऱ्याचे, बाजारात तराजू धरणाऱ्याचे, चर्चमध्ये दानाची थाळी पुढे करणाऱ्याचे. खांदा आधी हलतो, हात मागून येतो. पुढच्या सामन्यात त्याने कानिफनाथाला अनेकदा मधल्या मध्ये अडवले. वर्कशॉप हरलेच, पण एकाच गोलाने. त्या संध्याकाळी कानिफनाथ रुळाच्या बाजूने चालला खरा, पण बोलला नाही. शेवटी एवढेच म्हणाला, "पुढल्या साली बगू."

पुढच्या साली पलटण आफ्रिकेच्या वाळवंटात लढाईवर होती.

लढाईने भिंगारचे बरेच बदलले. छावणीला चारा, सरपण आणि मटण पुरवणारा भिमाजी ठेकेदार या काळात गब्बर झाला आणि त्याला नाव हवेसे वाटू लागले. देवळांना कळस लोकांनी आधीच चढवले होते. भिमाजीने हॉकीचा संघ विकत घेतला. खेळाडूंना महिन्याचा पगार, रोज दूध आणि अंडी, सियालकोटच्या स्टिक. जबलपूरहून दोन फॉरवर्ड आणले, मुंबईहून गोलकीपर. गिदोनला वर्कशॉपातून दुपारनंतरची सुटी मिळवून दिली आणि कप्तान म्हणून कायम ठेवले. संघाचे नाव झाले भिंगार इलेव्हन.

पहिल्या वर्षी नव्या स्टिकांनीही ते हरले. जबलपूरचे फॉरवर्ड मुरुमावर घसरत, गोलकीपरला नगरचे पाणी मानवत नव्हते. गिदोनने त्यांना भर उन्हात त्याच मैदानावर पळवले आणि एकच गोष्ट शिकवली. बॉल विसरा, खांदा बघा. दुसऱ्या वर्षी ते छावणीत कोणाकडून हरेनात. १९४५ मध्ये पुण्याहून स्पर्धेची ढाल जिंकून आले तेव्हा नगर स्टेशनपासून भिंगारपर्यंत टांग्यांची रांग लागली. चर्चच्या पायरीवरचा म्हातारा आता विचारी, "गिदोनराव, या खेपेला किती?" आणि उत्तराआधीच खूश होई. रूळवाले हा शब्द पोरे विसरली.

गिदोन विसरला नाही. जिंकल्यावर तो मैदानाच्या कडेला उभा राही आणि हरलेले लोक रूळ ओढत असताना त्यांच्या तोंडाकडे बघे. ती तोंडे त्याला हवी ती नव्हती. त्याला रुळापाशी ऐकलेले एकच वाक्य परत करायचे होते, ज्याचे त्याला, जसेच्या तसे. मोटारींखाली पडल्या पडल्या ते त्याने इतक्यांदा म्हटले होते की ते आता त्याचेच झाले होते. रजेवर आलेला शिपाई भेटला की तो विचारी, तुमचे लेफ्ट इन हवालदार कसे आहेत? शिपाई म्हणे, "जित्ते हायेत." तेवढे त्याला पुरे. पुढचे त्याने कधी विचारले नाही.

त्याची बायको मार्था मिशनच्या शाळेत शिवण शिकवायची. ढाल घरात आली त्या दिवशी तिने ती पदराने पुसली आणि म्हणाली, "आता तरी गुडघ्याला विश्रांती द्या. सुजून भोपळा झालाय."

"पलटण परत येऊ दे."

"पलटणीत कोण आहे तुमचं? माझा भाऊ तिकडे होता तेव्हा एवढी वाट पाहिली नाहीत."

गिदोनने गुडघ्याला तेल लावले आणि तो खेळत राहिला.

पलटण १९४६ च्या पावसाळ्यानंतर परत आली. सामना ठरला. भिमाजीने मंडप घातला, बँड मागवला. गिदोन मैदानात उतरला आणि पलटणीच्या अकरांमध्ये कानिफनाथाला शोधू लागला. बहुतेक कोवळी पोरे होती. जुन्यांतले दोघे-तिघे, बाकीचे तिकडेच राहिले होते. मग त्याला कानिफनाथ दिसला. कडेला एका खोक्यावर बसलेला. सवयीने गिदोनची नजर आधी डाव्या खांद्याकडे गेली. शर्टाची रिकामी बाही खांद्यापाशी दुमडून टाचणीने अडकवली होती.

भिंगार इलेव्हनने त्या पोरांना अर्धा डझन गोल मारले. त्यांतला एकही गिदोनला पुढे नीट आठवत नसे. शिट्टी झाली, बँड वाजू लागला. पोरे मुकाट्याने रुळाकडे गेली. कानिफनाथ खोक्यावरून उठला, त्यांच्यात घुसला आणि उजव्या हाताने त्याने दांडा धरला.

गिदोन लंगडत धावला. "हवालदार, सोडा. तुम्ही खेळला नाहीत."

"म्हनून तर हारलो." कानिफनाथाने दांडा सोडला नाही. "शबूद दिल्ता मी."

गिदोनने त्याच्या शेजारून दांड्याला हात घातला. कानिफनाथ खेकसला, "हात काढ! जिकलेल्यानं लावायचा न्हाई. कायदा म्हाईत न्हाई का तुला?"

गिदोनने हात काढला. रूळ हलला. मुरूम खाली करकरू लागला. दुसरे काही करण्यासारखे नव्हते, म्हणून तो बाजूने चालू लागला, एकेकाळी कानिफनाथ चालायचा तसाच. कानिफनाथ एका अंगाने ओढत होता. तोल जाऊ नये म्हणून पाय फाकून टाकत होता. अर्धे मैदान झाल्यावर त्याने मान वळवली.

"बोल की."

गिदोनने लंगडत पुढचे पाऊल टाकले.

"आरं, बोल की काईतरी. मी किती बोलायचो. येवडी वर्सं काय साटवून ठिवलं न्हाई व्हय?"

साठवले होते. ओठांपर्यंत आले होते. पण त्या वाक्यात पुढले साल होते. कानिफनाथाला पलटणीतून नाव कमी करून घरी पाठवत होते, हे खोक्याजवळ बसलेल्या शिपायांनी मध्यंतरात गिदोनला सांगितले होते. गिदोन चालत राहिला आणि मुरुमाकडे बघत राहिला.

कानिफनाथाने मान परत वळवली. मग समोर बघत, जरा हळू म्हणाला, "म्हंजे मी खरंच संपलो तर."

उरलेले मैदान तसेच दाबून झाले. भिमाजीच्या जेवणाला गिदोन गेला नाही. घरी मार्थाने विचारले, जिंकलात ना? तो हो म्हणाला.

दोन-तीन महिन्यांनी, एका शुक्रवारी, त्याने रजा टाकली आणि प्रवासी सर्व्हिस मोटारीने घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेला. कानिफनाथ तिथे दलाली करू लागला होता. शोधायला वेळ लागला नाही. एका खिलारी बैलापाशी तो उभा होता, उजव्या हातावर उपरणे, उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात. भाव तोंडाने सांगायचा नाही, बोटांनी सांगायचा, अशी तिथली रीत. त्याला एक हात पुरतो.

"या कप्तान," कानिफनाथ म्हणाला. "बैल पायजे का?"

"नाही. त्या दिवशी एक बोलायचं राहिलं."

"मंग बोला की."

जनावरे हंबरत होती, धूळ उडत होती. गिऱ्हाईक खोळंबून दोघांकडे बघत होते. गिदोनने घसा साफ केला.

"दमानं ओढा, हवालदार. पुढच्या वर्षीही तुम्हालाच ओढायचाय."

कानिफनाथाने ते नीट ऐकून घेतले. थोडा हसलाही, गिऱ्हाइकाशी हसावे तसा. "झ्याक हाय," तो म्हणाला. "पन तवा बोलायचं हुतं, मिस्त्री. आता हितं कोन हवालदार?"

आणि त्याने हात पुन्हा उपरण्याखाली घातला. गिदोन उभा राहिला. बोटे खाली काय सांगत होती, ते बाहेरून कळायची सोय नव्हती. सवयीने त्याने डाव्या खांद्याकडे पाहिले. बाही टाचणीने नीट अडकवलेली होती. तिथून काही कळले नाही.