चाळीस टक्क्यांचा नियम
नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात ती नकाशे तपासायची. सव्वीस वर्षं एकाच टेबलावर. कुणी जिन्याची रुंदी चार बोटं कमी दाखवली तरी तिच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून ऑफिसात सगळे तिला फूटपट्टी म्हणत. अगदी तोंडावरसुद्धा.

घरी ती आणि थोरली बहीण, दोघीच. ताई रफू करायची. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक, शालीचं उंदराने कुरतडलेलं टोक, असली नाजूक कामं. दिव्याखाली धाग्याचा रंग फसवतो, म्हणून ती दक्षिणेच्या खिडकीत बसूनच सुई हातात घ्यायची.

गल्लीतली घरं सगळी बैठी. मग एकेक विकलं जाऊ लागलं आणि त्या जागी प्लॉटच्या कडांपर्यंत पसरलेली अवाढव्य घरं उभी राहू लागली. चार माणसांना अकरा खोल्या. सगळं कायदेशीर, आणि बहुतेक नकाशांवर शिक्का फूटपट्टीचाच. तेच तिच्या मनाला खात राहिलं. शेवटी तिने आठवडाभर रजा काढून मसुदा लिहिला: घराचं एकूण क्षेत्रफळ प्लॉटच्या चाळीस टक्क्यांवर जाता कामा नये. साहेबांनी तो वाचला आणि ते हसले नाहीत. तिला तेवढंही पुष्कळ वाटलं.

दोन वर्षं सुनावण्या चालल्या. बिल्डरांच्या वकिलांना तिने आकड्यांनी गप्प केलं. पण एके दिवशी शेजारचे निवृत्त मास्तर उठले. त्यांना घर विकून मुलीकडे राहायला जायचं होतं. "तुमचा नियम झाला तर माझी जागा घेणार कोण?" त्यांनी शांतपणे विचारलं. तिने समोरचे आकड्यांचे कागद गोळा केले.

नियम झाला, पण पार सोलून काढलेला. तळघर मोजायचं नाही, गॅरेज मोजायचं नाही, दोन प्लॉट जोडले तर मर्यादाच नाही. शिवाय अंमल नव्वद दिवसांनी. त्या नव्वद दिवसांत त्रेसष्ट अर्ज आले. त्यातला एक मास्तरांच्या प्लॉटचा होता. मास्तर तोवर विकून मोकळे झाले होते.

तिने दोन दिवस त्या नकाशात चूक शोधली. एकही सापडली नाही.

"मी शिक्का मारला नाही तर?" तिने साहेबांना विचारलं.

"दुसरं कोणीतरी मारेल. तुम्हाला फक्त नोटीस मिळेल."

तिने शिक्का मारला आणि घरी येऊन ताईला सांगितलं. ताईने किती उंच होणार, एवढंच विचारलं. साडेअकरा मीटर म्हटल्यावर ती धागा ओवत राहिली.

आठ महिन्यांत मास्तरांच्या प्लॉटवर, ताईच्या खिडकीसमोर, भिंत आली. ताई आधी दारात बसू लागली, मग पायरीवर. एकदा एक गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं. गडद निळ्या कापडावर तिने काळा धागा घातला होता. तिने माफी मागितली, रफू उसवून दिलं आणि त्या दिवसापासून नाजूक कामं घेणं बंद केलं. आता बटणं लावते, चेन बदलते. पोट भरतं, पण बोलणं कमी झालंय.

नियम मात्र जिवंत आहे. परवा फूटपट्टीच्या टेबलापाशी एक ट्रकचालक आला. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी त्याला मागच्या बाजूला एक खोली काढायची होती. प्लॉट एवढासा. तिने मोजलं. एकूण त्रेचाळीस टक्के.

"बाई, तीनच टक्के जास्त होतात," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, "पण होतात."

अपील दुसऱ्या मजल्यावर करता येतं, तेही तिने सांगितलं. तिथेही नकारच मिळणार, हे तिला ठाऊक होतं. त्याने नकाशाची घडी केली, ती नीट जमली नाही म्हणून उलगडून पुन्हा केली, आणि तो जिन्याकडे गेला. तिने नकाराचं पत्र लिहायला घेतलं.